कोळशाचा ढीग : वरून गार, आतून निखारा



पऱ्हाट्या उपटायचे दिवस आले. बरेच जण बांधावर पेटवून देण्याऐवजी आता खड्ड्यात कोळसा करून शेतात टाकतात. चांगलंच आहे, मीही करतो. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात एक गोठा जळाला. विझवलेला कोळसा त्याच संध्याकाळी पोत्यात भरून कडब्याशेजारी ठेवला होता. हाताला पोती गार लागत होती. पहाटे भडका झाला. बैल वेळेत सोडले म्हणून वाचले, वर्षाची वैरण गेली.

असं का होतं? लाकडाचा कोळसा उष्णता पुढे सरकू देत नाही. आमचा पुतण्या विज्ञान शिकवतो, त्याच्याकडून आकडे वहीत उतरवून घेतले. उष्णता वाहण्याचं माप तांब्याचं 400, लोखंडाचं 50 ते 80, पाण्याचं 0.6, कोळशाचं 0.1 च्या आसपास आणि स्थिर हवेचं 0.026.

आता गंमत बघा. हिरासुद्धा कार्बनच, पण त्याचं माप 2000 च्या घरात. म्हणजे फरक रचनेचा. कोळशात कार्बनचे पापुद्रे बारके, वेडेवाकडे. शिवाय लाकडातल्या नळ्या तशाच राहतात आणि त्यात हवा भरलेली असते. रोझलिंड फ्रँकलिन या बाईंनी 1951 साली दाखवून दिलं की काही कार्बन 3000 अंशांपर्यंत तापवला तरी त्याचं ग्राफाइट होत नाही. लाकडी कोळसा त्याच जातीतला. सोनार जोडकामाला दागिना कोळशाच्या ठोकळ्यावर ठेवतो तो याचमुळे. आच दागिन्यातच राहते.

सोनाराला जे सोयीचं, तेच आपल्या ढिगात घातक. मधल्या निखाऱ्याची धग बाहेर येत नाही, म्हणून हाताला कळत नाही. त्यात ताजा कोळसा हवेतला प्राणवायू ओढून स्वतःही थोडा तापतो. ती ऊब अडकून राहिली की पुन्हा पेट घेतो.

मी काय करतो ते सांगतो.

पाणी नुसतं वरून शिंपडत नाही. फावड्याने ढीग उलथत, वाफ थांबेपर्यंत ओततो. छिद्रांत हवेच्या जागी पाणी गेलं की उष्णता लवकर बाहेर येते, आणि वाफ होताना पाणी बरीच उष्णता घेऊन जातं.

मग लोखंडी पहार ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून 10 मिनिटं ठेवतो. बाहेर काढली की टोकाशी हात जपून, लांबूनच नेऊन बघतो. धग लागली तर परत पाणी. दोन-तीन ठिकाणी बघायचं.

त्यानंतर उघड्यावर पातळ पसरून दोन रात्री राहू देतो. गोठ्यात, घरात, कडब्याजवळ अजिबात ठेवत नाही. बंद खोलीत निखारा धुमसला तर विषारी वायू होतो, त्याला वासही नसतो.

शेतात टाकताना शेणखतात मुरवून मातीत मिसळा. वर उघडा राहिला तर काळा रंग ऊन ओढतो आणि कोवळ्या रोपांना चटका बसतो.

तुमच्याकडं ढीग किती दिवस गरम राहतो? तुराटीचा की पऱ्हाटीचा, तेही लिहा.