तिसरे चाक

दुचाकी म्हटली की तिला दोनच चाके असावयाची. परंतु १९७५ साली स्थापन झालेल्या ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ या कंपनीच्या साताऱ्याच्या कारखान्यातून जी ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडे, तिच्यासवे एक तिसरे चाकही असे. ते जमिनीला टेकत नसे, फिरत नसे, ओझेही वाहत नसे. लोक त्याला ‘स्टेपनी’ म्हणत.

हे नाव फार दुरून आले. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी मोटारींसाठी जादा चाक तयार केले. रस्त्याचे नाव चाकास चिकटले आणि चाकाबरोबर ते आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत येऊन पोहोचले.

स्कूटरला हे चाक विशेष सोयीचे ठरले. सायकलचे चाक दोन दांड्यांच्या मध्ये धरलेले असते. इटलीतील विमानतज्ज्ञ कोर्राडिनो दास्कानिओ यांनी १९४६ साली ‘व्हेस्पा’ स्कूटर घडविताना पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले. ‘प्रिया’ याच घराण्यातली. नट सैल केले की चाक हाती येई. पुढची-मागची चाके एकाच मापाची असल्यामुळे स्टेपनी कोठेही बसे.

त्या दिवसांत एखादा गृहस्थ मुलीला मागे बसवून पहाटेच साताऱ्याहून सांगलीस निघे. वाट सुमारे १२० किलोमीटरांची आणि महाविद्यालयात प्रवेशाची वेळ अकराची. कराड मागे पडे, पेठ नाक्यापाशी महामार्ग सुटे, दोहों बाजूंस उसाचे मळे डोलू लागत. तोच गाडीही डोलू लागे! बाभळीच्या एका काट्याने आपला डाव साधलेला असे. जाणता चालक अशा वेळी एकदम ब्रेक दाबीत नाही. हँडल सरळ धरून, वेग हळूहळू उतरवून तो गाडी कडेला घेतो.

आता सारी भिस्त त्या तिसऱ्या चाकावर. त्यात हवा असेल, तर थोड्याच वेळात गाडी पुन्हा धावू लागे आणि मुलगी वेळेवर पोहोचे. पण तेही मऊ लागले तर? रबरातून हवा अगदी सावकाश झिरपत असते. चाक वापरा अथवा न वापरा, महिन्यामागून महिने गेले की ते आपोआप ढिले पडते. मग पाना आहे, चाक आहे, परंतु गाडी मात्र पुढच्या गावापर्यंत ढकलतच न्यावयाची! अकराचे ठोके कोणासाठी थांबत नाहीत.

स्टेपनीने काम भागले, तरी तेवढ्याने सुटका नसे. पहिल्याच दुकानी पंक्चर काढून घ्यावे लागे. कारागीर ट्यूब पाण्यात बुडवी. बुडबुडे छिद्राचा पत्ता सांगत. ती जागा घासून, सोल्यूशन लावून, ते सुकल्यावर तो ठिगळ दाबून बसवी. नंतर टायरच्या आतून जपून हात फिरवी. कारण काटा आतच राहिला, तर नवे ठिगळ काय कामाचे?

आज बहुतेक स्कूटरींना ट्यूब नसते आणि तिसरे चाकही नसते. खिळा टायरमध्ये रुतून राहतो व हवा हळूहळू जाते, म्हणून चालकाला थोडी उसंत मिळते. पण ती उसंत म्हणजे उसने घेतलेले धान्य. लवकर फेडलेले बरे.

तयारी एकदा करून ठेवली म्हणजे ती जन्मभर पुरते, असे मनुष्यास वाटते. पाठ केलेला पाढा उजळणीवाचून विसरतो, शिकलेले पोहणे सरावावाचून दमवते. तिसऱ्या चाकाचेही तसेच आहे. ते जवळ असणे पुरेसे नाही; निघण्यापूर्वी त्यावर अंगठा दाबून पाहिला पाहिजे.