साडेपाचची भूक

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र जिथे जोर-बैठका काढतात, लाल मातीत कुस्ती खेळतात, त्या जागेला ‘तालीम’ म्हणतात. शब्द एकच, पण तो मराठीत आला आणि आखाड्यात जाऊन बसला. ‘उस्ताद’ही तसाच आला आणि ‘वस्ताद’ झाला. पहिलवानाच्या खाण्याला मराठीत ‘खुराक’ म्हणतात, हे तर तुम्हांला सांगायलाच नको. त्यामुळे तळेगाव ढमढेरे येथे राहायला आल्यावर कसरतीची भाषा शिकायला मला वेळ लागला नाही.

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. तेव्हा मीही आतापासून शरीर हलते ठेवावे, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. सकाळी शाळेची घाई असते. म्हणून मी संध्याकाळ निवडली. साडेसहाच्या सुमारास वेळ नदीच्या बाजूला जायचे, अर्धा तास पळायचे, मग थोड्या बैठका. तिथल्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण येतात. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. मैदानाची एक फेरी अदमासे ४०० मीटरांची. म्हणजे चार फेऱ्या झाल्या की भरतीचे अंतर पुरे. एका कोपऱ्यात एक म्हातारे वस्ताद बसलेले असतात. त्यांना कोणी नेमलेले नाही, पण सगळे त्यांचे ऐकतात.

आता तुम्ही म्हणाल, सर, व्यायामात काय अवघड आहे? व्यायाम अवघड नाही. अवघड आहे ते जेवणाचे वेळापत्रक! पहाटे पळणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. तो उठतो, पाणी पितो, पळतो आणि मग न्याहारी करतो. संध्याकाळी पळणाऱ्याचा मात्र अख्खा दिवस मध्ये आडवा येतो. जेवून लगेच पळावे तर बरगडीखाली कळ निघते. न खाता पळावे तर पाय साथ देत नाहीत.

नववीतला एक मुलगा आपल्या मोठ्या भावाबरोबर तिथे येऊ लागला. पहिली फेरी तो वाऱ्यासारखा पळे. दुसऱ्या फेरीत मात्र गुडघ्यांवर हात टेकून उभा राही. डोळ्यांपुढे अंधारी येते, असे म्हणे. पोरे त्याला चिडवू लागली, ‘‘याच्यात दमच नाही!’’ भावानेही एक दिवस सुनावले, ‘‘उद्यापासून घरीच बस.’’ मुलगा काही बोलला नाही. पण त्याचे तोंड एवढेसे झाले.

वस्तादांनी त्याला जवळ बोलावले. दम किती आहे, हे त्यांनी विचारलेच नाही. ते म्हणाले, ‘‘पोरा, शेवटचा घास कधी खाल्लास?’’

उत्तर आले, ‘‘दहा वाजता.’’

त्याची आई कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. पहाटे पाचला ती बाजरीच्या भाकरी थापून ठेवते. हा दहा वाजता पोटभर खाऊन शाळेत येई. डबा मात्र आणत नसे. दुपारपर्यंत भाकरी कडक होते आणि मुलांसमोर ती मोडायची त्याला लाज वाटे. मधल्या सुट्टीत तो खेळत राही. दहाचे जेवण संध्याकाळी साडेसहाला कुठून पुरणार?

आपले स्नायू ज्या इंधनावर चालतात, त्याची शास्त्रीय गोष्ट थोडक्यात सांगतो. भाकरी, भात, गूळ, केळे यांतून शरीराला साखर मिळते. तिचा काही साठा यकृतात आणि स्नायूंत राहतो. पळताना हाच साठा वापरला जातो. उलट, पोट भरलेले असेल तर त्याला पचनासाठी रक्त हवे असते आणि पळताना पायांनाही रक्त हवे असते. दोघांची ओढाताण होते. तेल-तूप आणि मांस पोटात बराच वेळ राहते. केळे लवकर पुढे सरकते. म्हणून पोटभर जेवण आणि व्यायाम यांत तीन-चार तास असावेत. हलक्या खाण्यानंतर तासभर पुरतो.

वस्तादांनी हे शास्त्र सांगितले नाही. त्यांनी सरळ वेळा सांगितल्या. दोन वाजता जेवण. साडेपाचला एक केळे किंवा मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. साडेसहाला मैदान. आठच्या सुमारास रात्रीचे जेवण, त्यात डाळ, उसळ किंवा अंडे असलेच पाहिजे, कारण थकलेले स्नायू त्यावरच पुन्हा उभे राहतात. पाणी दिवसभर थोडे थोडे. ‘‘आणि बदामाची थंडाई?’’ कोणीतरी विचारले. वस्ताद हसले. ‘‘ती व्यायाम झाल्यावर. आणि बदाम परवडत नसतील तर भिजवलेले शेंगदाणे खा. कुस्ती बदामाला भीत नाही, आळसाला भिते!’’

दोनच्या भाकरीचे काय करायचे, हे मात्र माझ्या अम्मीने सुचवले. कडक भाकरी चुरून तिच्यात गूळ आणि चमचाभर तूप घालायचे. झाला मलिदा! उरुसात मलिदा आवडीने खाणाऱ्या मुलांना तो शाळेत खायची लाज कशाला वाटेल? पहिल्याच दिवशी त्या मुलाच्या डब्याभोवती चौघे जमले. बिचाऱ्याला स्वतःला दोनच घास मिळाले, असे ऐकतो.

रमजानमध्ये हे सारे वेळापत्रक उलटे होते. रोजा असताना पाणीही चालत नाही, म्हणून दुपारच्या उन्हात पळणे मला मुळीच पसंत नाही. इफ्तारच्या अर्धा तास आधी हलके चालावे, किंवा इफ्तार हलका करून दोन तासांनी बैठका काढाव्यात. खजूर आणि पाणी यांनी रोजा सोडण्याची आपली रीत खेळाडूलाही मानवते, कारण खजुराची साखर लवकर अंगी लागते. २०२१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस या संघांचा फुटबॉलचा सामना चालू होता. सूर्य मावळला तेव्हा गोल किकच्या वेळी खेळ क्षणभर थांबवला गेला आणि रोजा असलेल्या वेस्ली फोफाना या खेळाडूने मैदानाच्या कडेला जाऊन रोजा सोडला. थांबण्याचे दोन्ही संघांनी आधीच ठरवले होते. मला ही बातमी फार आवडली. मोठ्या स्पर्धेतला सामना एका घासासाठी थांबू शकतो, तर आपली तालीम का नाही?

आमच्या मैदानावरही मग तसेच ठरले. गेल्या रमजानमध्ये मगरिबच्या अजानीला सगळेच थांबत. भरतीची पोरे आपल्या पिशवीतली केळी काढून देत. वस्ताद घड्याळ बघत बसत आणि कोणी घाईघाईने ताडकन उठला की ओरडत, ‘‘बस खाली! पाणी आधी पोटात जाऊ दे.’’

तो मुलगा आता खिशात शेंगदाणे घेऊन येतो. परवा त्याने चारही फेऱ्या न थांबता पूर्ण केल्या. भाऊ त्याच्या अर्धी फेरी पुढे होता. पोलीस भरतीच्या वयाला यायला त्याला अजून तीन-चार वर्षे आहेत.