किफायत म्हणजे स्वस्ताई नव्हे

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आमच्याकडे स्थळ पाहताना मुलाचा पगार विचारावा तसा विचारला जातो. उत्तरही पगारासारखेच मिळते, थोडे फुगवलेले. गाडी डिझेलची असेल तर ‘बावीस-तेवीस आरामात’. कुणी मोजले, कसे मोजले, हे विचारायची पद्धत नाही.

मला मात्र हा आकडा खरा लागतो. माझ्याकडे २०१२ सालची डिझेल स्विफ्ट आहे, जुनी घेतलेली. वर्ध्याहून आर्वी रस्त्याने शाळा एका बाजूने २८ किलोमीटर. एसटीची वेळ आणि शाळेची घंटा जुळत नाही, म्हणून आम्ही चार शिक्षिका एकाच गाडीने जातो आणि महिन्याच्या शेवटी खर्च चौघींत वाटतो. म्हणजे मी सांगितलेल्या ॲव्हरेजवर तीन घरांतून पैसे येतात. आकडा फुगवला तर नुकसान माझे, कमी सांगितला तर त्यांचे. म्हणून गेली चार वर्षे गाडीत एक वही आहे. त्या वहीतून जे कळले ते इथे लिहिते, कारण जुनी डिझेल गाडी घ्यावी का, हे मला वारंवार विचारले जाते.

आधी ही गाडी आपल्या दारात आली कशी ते पाहू. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. डिझेलचा भाव सरकार धरून ठेवत होते. बत्तीस रुपयांचा फरक दिसत असताना ज्याला त्याला डिझेल गाडी हवी होती. तिच्या पोटात बहुतेक वेळा एकच इंजिन असायचे, फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट. ते पुण्याजवळ रांजणगावला बनत होते आणि मारुती ते परवाना घेऊन मानेसरला बनवत होती. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, साऱ्यांत तेच. लोक त्याला गमतीने भारताचे राष्ट्रीय इंजिन म्हणत. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले आणि दोन्ही इंधनांतले अंतर घटत गेले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. आता स्विफ्ट डिझेल हवी असेल तर ती जुनीच घ्यावी लागते.

डिझेलचे इंजिन कमी का पिते, याचे उत्तर सोपे आहे. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा सुमारे १७ पट दाबली जाते, ती इतकी तापते की डिझेलचा फवारा तिच्यात आपोआप पेटतो. इतक्या दाबातून जळालेल्या इंधनाचे जास्त काम वसूल होते. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही थोडी जास्त असते.

माझ्या मॉडेलचा कंपनीने सांगितलेला आकडा लिटरला २२.९ किलोमीटर आहे. तो खोटा नाही. पण ही चाचणी ठरावीक पद्धतीने होते, चाके रोलरवर फिरतात, एसी बंद असतो आणि वेग ९० च्या वर जात नाही. रोलरवर खड्डे नाहीत, कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर समोर नाही आणि मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊनही नाही. त्या आकड्याने दोन मॉडेलांची तुलना करावी. महिन्याचे बजेट मांडू नये.

घरचा आकडा काढायची रीत अशी. टाकी भरून घ्यायची, नोझल स्वतःहून बंद झाले की थांबायचे, गाडी हलवून आणखी ओतायचे नाही. किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसेच भरायचे. मधले किलोमीटर भागिले आत्ता बसलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, चार-पाच टाक्यांची सरासरी घ्यायची. माझ्या वहीत हिवाळ्यात शाळेच्या रस्त्यावर २१ पडते, एप्रिलमध्ये एसी लावून साडेअठरा. वर्षाचे मिळून २०. सेलूजवळून समृद्धी महामार्गाला लागले आणि ११० चा वेग धरला की १७. तो रस्ता डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तेव्हा सगळ्यांनाच वाटले की मोकळ्या रस्त्यावर ॲव्हरेज वाढेल. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट होतो आणि विरोध सव्वादोन पट. तिथे १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नेच जायला हवे असे नाही.

आता प्रश्न पैशांचा. सोयीसाठी पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपये धरू. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणारी गाडी डिझेलवर २० दिली तर ७५० लिटर, म्हणजे ६८,२५० रुपये. तेवढीच पेट्रोल गाडी १६ दिली तर साधारण ९८,४०० रुपये. तीस हजार वाचले. पण ज्यांची गाडी शुक्रवारी मशिदीपर्यंत, सुटीत नागपूरपर्यंत आणि वर्षातून एकदा गिरडच्या बाबा फरीदांच्या दर्ग्यापर्यंत जाते, त्यांचे वर्षाचे ५,००० किलोमीटर होतात. त्यांचे वाचतात दहा हजार, आणि जुन्या डिझेलचा एखादा इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला तर ते एका दिवसात जातात. तेव्हा मला विचारणाऱ्यांना मी आधी विचारते, ‘रोज किती चालणार?’ रोजची धाव नसेल तर जुनी डिझेल घेऊ नका.

इथे एका शब्दावर थांबते, कारण मी दोन्ही भाषा शिकवते आणि शब्द मला सहज पुढे जाऊ देत नाहीत. मराठीत आपण ‘किफायतशीर’ म्हणतो आणि मनात ‘स्वस्त’ असे समजतो. पण किफायत हा मूळ अरबी शब्द, आणि त्याचा अर्थ पुरेसे असणे. जेवढे लागते तेवढे, कमी नाही आणि जास्तही नाही. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे की पैगंबर साहेब एक मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आतच. आपण ही हदीस पाणी वाचवण्यासाठी सांगतो, ते बरोबरच आहे. पण तेवढ्या पाण्यात वुजू पूर्ण होत होता, एकही अवयव कोरडा राहत नव्हता, हेही त्यात आहे. उधळपट्टी नाही आणि अर्धवटपणाही नाही. ती किफायत.

इंजिन ऑइलच्या बाबतीत नेमके हेच विसरले जाते. डिझेलमध्ये पैसा वाचवायला निघालेला माणूस पहिला हात ऑइलवर मारतो. माझ्या गाडीत साधारण तीन लिटर ऑइल लागते. चांगले ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून २,८०० रुपयांच्या आसपास, आणि ते १०,००० किलोमीटर किंवा वर्षभर, यापैकी जे आधी येईल तोवर चालते. म्हणजे किलोमीटरला २८ पैसे. त्याच किलोमीटरला डिझेल जाते साडेचार रुपयांचे. हलके ऑइल घालून ८०० रुपये वाचवले तर किलोमीटरला आठ पैसे वाचले. उलट ॲव्हरेज १९ चे २० झाले तर १०,००० किलोमीटरमध्ये २६ लिटर डिझेल वाचते, जवळजवळ २,४०० रुपये. चाकांतली हवा दर पंधरा दिवसांनी, चाके थंड असताना तपासणे, एअर फिल्टर वेळेवर बदलणे, डिकीतले बिनकामाचे ओझे काढणे, पुढचे गतिरोधक पाहून आधीच पाय उचलणे, एवढ्यात ते मिळते. वाचवायची जागा ही आहे.

दुसरा गैरसमज जाड ऑइलचा. एका मिस्त्रीने मला सांगितले होते, ‘मॅडम, आपल्याकडचं ऊन पाहता ना? इथं जाडच ऑइल पाहिजे. पातळ कंपनीवाल्यांच्या थंड देशासाठी.’ ऐकायला पटते. पण डब्यावरचा ५डब्ल्यू-३० हा आकडा असा वाचायचा: डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती लवकर वाहते ते सांगतो, आणि नंतरचा आकडा १०० अंशांना ते किती दाट राहते ते. चालत्या इंजिनात ऑइल १०० अंशांच्या आसपास असतेच, वर्ध्यात असो की नॉर्वेत. बाहेरचे ४५ अंश त्याच्यासाठी गारच. मल्टिजेटमध्ये टायमिंग चेनचा ताण आणि व्हॉल्व्हची जुळणी दोन्ही ऑइलच्या दाबावर चालतात, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेत ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल सकाळी तिथवर उशिरा पोचते आणि दिवसभर इंजिनाला जास्त जोर लावायला लावते. तो जोर डिझेलमधून येतो. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड, डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये. जास्त भरले म्हणून जास्त भले होत नाही. लांबून आल्यावर चावी फिरवण्याआधी अर्धा-एक मिनिट गाडी सुरू ठेवावी, तापलेल्या टर्बोला ऑइल मिळते.

ऑइल काळे झाले म्हणून घाबरू नये. डिझेलमध्ये ते काहीशे किलोमीटरमध्येच काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. घाबरायचे ते पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर, कारण मग इंधन ऑइलमध्ये उतरते आहे. पातळी भराभर घटली तरी तेच. आणि काढलेले जळके ऑइल नालीत ओतू देऊ नका, वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना फासायलाही देऊ नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. मिस्त्री ते अधिकृत घेणाऱ्याला देतो का, हे विचारायला लाजू नये.

जाड ऑइलचा एक उपयोग मात्र आहे, तो विकणाऱ्याचा. झिजलेल्या इंजिनाचा खडखडाट आणि निळा धूर त्याने काही दिवस झाकला जातो. जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा सांगून ठेवा की इंजिन थंड ठेवा, सुरू मी करीन. सुरू झाल्यावर ऑइलचे झाकण उघडून पाहा, तिथून धूर जोराने फुसफुसत असेल तर आतल्या रिंग झिजल्या आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. मीटरवर ६०,००० दिसत असेल आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल तर रबरावर विश्वास ठेवा. नोंदणीची तारीख, कितवा मालक, बँकेचा बोजा हे परिवहनच्या ॲपवर पाहता येते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, ती कधी संपते हे पाहूनच भाव करा.

आणि आपल्यातले कुणी विकत असतील तर त्यांना एवढेच सांगायचे. बाजारात धान्याच्या राशीत पैगंबर साहेबांनी हात घातला, वर सुके आणि आत ओले निघाले, आणि ओले वर का ठेवले नाही असे त्यांनी विचारले, ही हदीस लहानपणी मदरशात सगळ्यांनी ऐकली आहे. मागे फिरवलेले मीटर म्हणजे तीच रास. मालातला ऐब सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि लपवला असेल तर माल परत करायचा हक्क शरीयत घेणाऱ्याला देते. माप कमी देणाऱ्यांवर तर कुरआनात एक पूर्ण सूरा आहे, ८३ वी. नमाज वेळेवर पढणारा माणूस मीटर मागे घेतो तेव्हा त्याला ती सूरा आठवत नसेल असे मला वाटत नाही.

माप माझ्या वहीलाही लागू आहे. गेल्या वर्षी आमच्यातली सर्वांत धाकटी म्हणाली, ‘आपा, डिझेल आम्ही जाळतो हे पटते. पण ऑइल तर तुमच्याच गाडीत राहते ना? त्याचे पैसे आम्ही का द्यायचे?’ बाकी दोघी गप्प झाल्या. प्रश्न रास्त होता, म्हणून मी त्याच दिवशी वही पुढे केली. रोजचे ५६ किलोमीटर. डिझेल २.८ लिटर, २५५ रुपये. ऑइल किलोमीटरला २८ पैसे, १६ रुपये. चार टायर १८,००० रुपयांचे, ४०,००० किलोमीटर चालतात असे धरले तर रोजचे २५ रुपये. एकूण २९६, माणशी ७४. ऑइल गाडीत दिसते तरी ते रोज थोडे थोडे खर्च होत असते, डिझेलसारखेच, फक्त दिसत नाही. विमा, इंजेक्टर, बॅटरी मात्र माझे, कारण गाडी माझी आहे आणि उद्या विकली तर पैसेही माझेच येणार.

तिने बेरीज पुन्हा करून पाहिली. मग म्हणाली, ‘टायर ४०,००० च्या पुढे गेले तर?’

‘तर तेवढे परत वाटायचे,’ मी म्हटले, आणि ते वहीत लिहून चौघींनी सह्या केल्या. आत्ता टायरांचे ३६,००० झाले आहेत. नक्षी अजून चांगली आहे.