यहूदाचे पाय

पवित्र गुरुवारची संध्याकाळची मिस्सा. वसईच्या वाड्यावाड्यांतून आलेली माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसलेली, पंखे उकाड्यातच उकाडा घुसळणारे, आणि वेदीपुढे बाराजण संकोचून आपले पाय पुढे करतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली मोकळीक दिली, तेव्हापासून त्या बारांत बायकाही दिसू लागल्या. फार बरं झालं.

मी पायांकडेच बघत बसते. केळीच्या बागेतल्या ओल्या मातीत जन्म काढलेली एक टाच, तिच्या भेगांत कुठल्याच साबणाला न जुमानणारी काळी रेघ. शेजारी लोकलनं नोकरीला जाणाऱ्या कुणाचे, बुटांत पांढरेफटक पडलेले पाय. मग एक अंगठा, नख गेलेला. फादर गुडघे टेकतात, तांब्यातली धार पावलावरून परातीत उतरते, पंच्यानं पाऊल टिपून ते वाकतात आणि त्याला ओठ लावतात. त्या क्षणी पाऊल किंचित मागे सरतं.

दर वर्षी सरतं.

पेत्रही सरला होता. गुरूनं आपले पाय धुवावेत हे त्याला सोसेना. पण योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग ऐकताना माझं मन पेत्रापाशी थांबत नाही, ते पुढच्या कुणाशी तरी अडखळतं. यहूदा अजून उठून गेलेला नाही. तो पंगतीतच आहे. सौदा मनात शिजलेला, आणि समोर गुडघ्यांवर बसलेल्याला तो ठाऊक असलेला. तरीही तेच पाणी, तोच कमरेचा रुमाल, बोटांच्या बेचक्यांतून तोच हात, जराही घाई न करता, जराही जोर न लावता, ज्या पायांनी थोड्याच वेळात अंधारात उतरायचं आहे त्या पायांवरची दिवसभराची धूळ उतरवणारा.

टाच आधी की बोटं आधी, कुणी लिहून ठेवलेलं नाही.

लहानपणी आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकायचो, देवाचं प्रेम सार्वकालिक आहे. अनंत काळ काही डोक्यात शिरत नसे. परातीतलं गढूळ पाणी मात्र शिरलं.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींकडे राहिल्या. लंडनमध्ये फुलहॅमला त्या भगिनी ‘वाया गेलेल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या बायकांचं सगळं मायेनं करत होत्या, ते पाहून रमाबाई चकित झाल्या. आपल्याकडे अशा बाईला कुणी दारात उभं केलं नसतं. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांच्यापुढे शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचली गेली. भर दुपारी, लोकांच्या नजरा नसताना विहिरीवर आलेली ती बाई. येशू तिचं सगळं आयुष्य तिच्यापुढे मांडतो. पण त्याआधी तिच्याकडे पाणी मागतो. हा क्रम मला मोठा वाटतो. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशाच बायकांसाठी ‘कृपा सदन’ उभारलं.

पेत्राचंही तसंच. कोळशांच्या शेकोटीपाशी हात शेकत त्यानं तीनदा ओळख नाकारली, आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावर, पहाटे, पुन्हा कोळसे पेटलेले त्याला दिसले. वर मासे, शेजारी भाकर. किती वास ओळखीचा असेल तो, आणि किती जिव्हारी लागला असेल! येशूनं कारण विचारलं नाही, कबुली मागितली नाही. आधी जेवा म्हणाला. नंतर तीनदा एकच प्रश्न, माझ्यावर प्रेम करतोस ना?

त्या सकाळी यहूदा नव्हता. चांदीची नाणी मंदिरात फेकून त्यानं आधीच स्वतःला संपवलं होतं. पश्चात्ताप त्यालाही झाला होता. मत्तय तसं सांगतो. पेत्र रडून माणसांत राहिला, हा एकट्यानंच निवाडा करून मोकळा झाला. थांबला असता, तर त्या निखाऱ्यांवर त्याच्या वाट्याचा मासा असता का? धर्मपंडितांनी काय ते ठरवावं. माझ्यापुरता तो भाजून तयार होता, आणि खायला न पोचलेल्या त्या माणसाला कुणी शिव्या घालू लागलं की मी विषय बदलते.