धूपाचा सुगंध आणि उंदराचे मन

गेल्या भाद्रपदातील सुगंधदशमीची सायंकाळ. जिनमंदिरात धूपाचा सुगंध दरवळत होता. दर्शन आटोपून पायऱ्या उतरत असता एका जुन्या स्नेह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "अण्णा, त्या नैराश्याच्या गोळ्या आता सोडा. धूपातील राळेने मनाची खिन्नता जाते, हे इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होते!"

सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी मला नैराश्याने ग्रासले, ही गोष्ट मी समाजात फारशी कोणास सांगितली नव्हती. पहाटे तीनला जाग येई, सामायिकात मन लागत नसे, नातवंडांचा किलबिलाटही नकोसा होई. औषधोपचाराने हळूहळू उतार पडला होता. स्नेह्यांचे बोलणे ऐकून अभिमान वाटला आणि त्याच रात्री मी गोळी घेतली नाही. पंधरवड्यात ती जुनी पहाट परतली. सौभाग्यवतींच्या ते ध्यानात आले. "अहो, धूप भगवंतापुढे अर्पण करायचा, गोळी सोडायची ती डॉक्टरांना विचारून," एवढेच त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि असे औषध एकाएकी कधीही बंद करू नये, अशी समज दिली.

मूळ व्हाउचर पाहिल्यावाचून नोंद मान्य करायची नाही, ही बँकेतील सवय. त्या सवयीने मी हे संशोधन समजून घेतले. २००८ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील एरिए मुसायेफ, राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉसवेलिया या वृक्षाच्या राळेतील 'इन्सेन्सोल ॲसिटेट' हे द्रव्य वेगळे काढून उंदरांना टोचले. त्यांची भीती व हताशपणा कमी झालेला दिसला. त्वचेत उबेची जाणीव करून देणारा 'टीआरपीव्ही-३' नावाचा एक मार्ग मेंदूतही असतो. तो या द्रव्याने जागा होतो. ज्या उंदरांत तो मार्ग जन्मतःच नव्हता, त्यांच्यावर परिणाम झाला नाही. पुढे २०१२ मध्ये, अन्नासाठीच्या झटापटीत नेहमी माघार घेणाऱ्या, दबलेल्या उंदरांवरही असाच प्रयोग झाला आणि त्यांची हताशा घटल्याचे आढळले.

संशोधन खरे आहे. स्नेह्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र खरा नव्हे. प्रयोगात शुद्ध द्रव्य टोचले होते, धूर दिला नव्हता. परीक्षा उंदरांची होती, माणसांची नव्हे. आपल्याकडील सालई त्याच कुळातील असली तरी ते झाड निराळे. आणि बाजारात लोबान म्हणून मिळणारा ऊद तर पुष्कळदा अगदीच वेगळ्या वृक्षाचा असतो. एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यात दाखवण्यासारखाच हा प्रकार.

परंतु मला अधिक अस्वस्थ केले ते परीक्षेच्या रीतीने. रॉजर पोरसोल्ट यांनी १९७७ साली ती प्रचारात आणली. बाहेर पडण्यास वाट नसलेल्या, पाण्याने भरलेल्या उभ्या भांड्यात उंदीर सोडतात. तो धडपडतो, पोहतो आणि अखेर प्रयत्न सोडून नुसता तरंगत राहतो. तो किती सेकंद निश्चल राहिला, हे मोजतात. औषधाने ते सेकंद घटले तर औषध गुणकारी.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. आपल्या शास्त्रांत उंदीर संज्ञी पंचेंद्रिय, म्हणजे मन असलेला जीव मानला आहे. त्याला खिन्नता येतच नसती, तर हा प्रयोगच निरर्थक ठरता. त्याला आपल्यासारखे दुःख होते म्हणून प्रयोग उपयोगी. आणि नेमके त्याचमुळे तो हिंसा. शिवाय हा दोष केवळ धूपाच्या संशोधनाचा नाही. मी रोज घेतो त्या प्रकारच्या औषधांची पारखही अशाच मुक्या जिवांवर झाली आहे. गोळी सोडल्याने ते ऋण फिटत नाही. घरच्यांच्या दुःखाची मात्र त्यात भर पडते.

मार्ग अगदीच नाही असे नाही. रसेल आणि बर्च या इंग्रज संशोधकांनी १९५९ मध्येच तीन तत्त्वे मांडली: प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या घटवावी, यातना कमी कराव्यात. भारत सरकारने २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून, मानवी पेशी वा संगणक यांच्या साहाय्याने होणाऱ्या चाचण्यांना वाट मोकळी केली. आपल्या समाजात औषधनिर्मितीच्या व्यवसायात असलेली कितीतरी कुटुंबे आहेत. मंदिराच्या शिखरासाठी आपण मुक्तहस्ते देतो. अशा पर्यायी पद्धतींसाठीही काही दान द्यावे, असे मनापासून वाटते.

दशलक्षण पर्वात सुगंधदशमीचा दिवस उत्तम संयमाचा असतो. संयमाचे दोन भेद, इंद्रियसंयम आणि प्राणिसंयम. त्या सायंकाळी मी सुगंध घेतला, पण प्राणिसंयम विसरलो. धूप आपण अर्पण करतो तो अष्टकर्मांच्या दहनाची भावना मनात ठेवून. तेवढे प्रयोजन त्याला पुरेसे आहे. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची त्याला गरज नाही. तसेच, घरात कोणी दीर्घकाळ खिन्न असेल, तर त्यास डॉक्टरांकडे नेण्यात धर्माची काही हानी नाही.

आता रात्रीची गोळी हातात घेतली, की क्षणभर थांबतो. या वर्षी क्षमावाणीला नातलग व स्नेही यांची क्षमा मागून झाल्यावर, पाण्यात वाट शोधणाऱ्या त्या अनाम जिवांचीही क्षमा मागणार आहे.