वाचणारे यंत्र

राजुरा तालुक्यातील जुन्या घरांमध्ये लाकडी पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेले एखादे बाड अजूनही सापडते. त्यात शेताचे, वाटणीचे, देण्याघेण्याचे कागद असतात आणि त्यांपैकी पुष्कळ उर्दूत असतात. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. भाषावार पुनर्रचनेत तो प्रथम नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. राज्य बदलले, दप्तराची भाषा बदलली आणि पेटीतले कागद मात्र जिथल्या तिथे राहिले. शाई शाबूत आहे, शिक्का स्पष्ट आहे, आणि घरात कोणालाही तो कागद वाचता येत नाही. मोडी लिपीबाबत महाराष्ट्रभर हेच घडले. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे प्रचंड भांडार आहे. ते वाचू शकणारी माणसे त्यामानाने फारच थोडी आहेत.

मी जुने संगणक जमवतो, दुरुस्त करतो आणि त्यांवर कार्यक्रम लिहितो. मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत या छंदाची कथा कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. संगणकाच्या युगात मराठीचा जो मजकूर लिहिला गेला, त्याचीही अवस्था त्या पेटीतल्या कागदासारखी होऊ लागली आहे. फरक इतकाच, की उर्दू कागद वाचण्यासाठी जाणता माणूस लागतो आणि हा मजकूर वाचण्यासाठी माणसाबरोबर एक विशिष्ट यंत्रही लागते.

माझ्या घराच्या मागच्या खोलीत आज नऊ यंत्रे आहेत. मी भौतिकशास्त्र शिकवीत असे आणि बिघडलेली वस्तू उघडून पाहण्याची सवय मला त्या आधीपासूनची. आमच्या भागात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, वर्धा नदीपलीकडे बल्लारपूरला कागदाची गिरणी आहे. अशा उद्योगांच्या आसपास संगणक लवकर येतात आणि लवकर भंगारातही जातात. माझी बहुतेक यंत्रे भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने तोलली गेलेली आहेत. काही मात्र बंद पडलेल्या डीटीपीच्या दुकानांतून आली, आणि पुढे तीच सर्वांत मोलाची ठरली.

त्यांतील सर्वांत लहान यंत्र पुण्यात बनलेले आहे. इंग्लंडमध्ये सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा स्वस्त घरगुती संगणक बाजारात आणला. त्याचीच पुढची आवृत्ती १९८० च्या दशकात पुण्याच्या डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात तयार केली. कीबोर्डच्या आतच सारा संगणक सामावलेला असतो. पडद्याच्या जागी घरचा टीव्ही जोडायचा आणि कार्यक्रम साठवण्यासाठी गाण्यांचा कॅसेट प्लेअर. एखादा मोठा कार्यक्रम चढवायला चार-पाच मिनिटे लागतात आणि तोवर कॅसेटमधून कर्कश किरकिर ऐकू येत राहते. कानाला सवय झाली, की त्या आवाजावरूनच फीत खराब झाली आहे किंवा काय, ते कळते.

या यंत्राची स्मृती ४८ किलोबाइट आहे. आजच्या मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्यात मावणार नाही. पण तुलना मागच्या बाजूनेही करून पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. तो आपल्याच देशातील अभियंत्यांनी घडवला होता, आणि पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे नामकरण केले. त्याची स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे सुमारे १० किलोबाइट. खोली व्यापणाऱ्या त्या यंत्राच्या जवळजवळ पाचपट स्मृती तीस वर्षांच्या आत पुण्यातील एका शाळकरी मुलाच्या मांडीवर येऊन बसली.

एवढ्या लहान यंत्रावर मराठी लिहिता येईल का, हा विचार मला फार दिवस सोडेना. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला आडवे आठ आणि उभे आठ ठिपके मिळतात. स्वतः घडवलेल्या २१ आकृत्या त्यात भरता येतात. प्रत्येक आकृतीसाठी आठ संख्या द्यायच्या, एका ओळीसाठी एक. शिरोरेखा म्हणजे आठही ठिपके पेटलेली ओळ, तिची संख्या २५५. ‘राजुरा’ हा शब्द लिहायचा तर तीन आकृत्या पुरतात : र, काना आणि जु. म्हणजे २४ संख्या झाल्या आणि गावाचे नाव पडद्यावर आले.

पुढे मात्र अडचण उभी राहते. शिरोरेखा सर्वांत वरच्या ओळीवर ठेवली, तर वेलांटी आणि मात्रा यांना जागा उरत नाही. ती एक ओळ खाली घेतली, तर वेलांटीला एकच ओळ मिळते आणि अक्षराचा देह सहा ओळींत बसवावा लागतो. उकार आला, की त्या सहांतूनही दोन जातात. मग ‘घ’ आणि ‘ध’ यांतील फरक केवळ एका ठिपक्यावर येऊन ठेपतो. वहीत चौकटी आखून मी कित्येक संध्याकाळी हे ठिपके भरले आहेत. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक बसतात. आपल्या लिपीत एका व्यंजनाच्या वर, खाली, आधी आणि नंतर अशा चारही बाजूंनी चिन्हे येतात. शाळेत बाराखडी घोकताना जे जाणवले नव्हते, ते या आठ बाय आठच्या चौकटीने मला दाखवले. यंत्राला मराठी शिकवणे इतके अवघड का गेले, हेही त्यातून उमगले.

ही अडचण सोडवण्यासाठी आपल्याकडे मोठे काम झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत विकसित झाले आणि ‘जिस्ट’ नावाचे कार्ड तयार झाले. हे कार्ड संगणकात बसवले, की पडद्यावर देवनागरी उमटत असे. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे सांकेतिक मानकही प्रसिद्ध झाले. पण डीटीपीच्या दुकानांत वेगळाच मार्ग रूढ झाला. तिथल्या फॉन्टमध्ये संगणकाला मराठीची काहीच ओळख नव्हती. त्याच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि विचित्र चिन्हांचाच होता. फॉन्ट त्या चिन्हांवर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवीत असे. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. फॉन्ट हरवला, की पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा ढीग उरतो. लग्नपत्रिकांपासून प्रबंधांपर्यंत एका पिढीचा कितीतरी मराठी मजकूर अशा मुखवट्यांखाली साठवला गेला आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई अकरा फ्लॉप्या घेऊन आल्या. त्यांचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. माणिकगडच्या डोंगराकडील गावांत नोकरी करताना त्यांनी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून वह्यांत उतरवल्या होत्या. १९९० च्या दशकात त्या ओव्या त्यांनी पदरमोड करून एका दुकानात टाइप करून घेतल्या. पुस्तक काढण्याचे मनात होते, ते राहून गेले. वह्यांना वाळवी लागली. सांगणाऱ्या बायका एकेक करून गेल्या, पुढे गुरुजीही गेले. फ्लॉप्या तेवढ्या डब्यात राहिल्या. ‘काका, यातलं काही वाचता येईन का?’ एवढेच त्यांनी विचारले. त्या स्वतः तेव्हा तुमच्यासारख्याच दूरशिक्षणातून बी.ए. करीत होत्या.

फ्लॉपी म्हणजे चुंबकीय लेप दिलेली पातळ चकती. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि वर्षभर हवेत धूळ असते. अशा हवेत चकतीवर बुरशी धरते. ती तशीच यंत्रात घातली, तर लेप खरवडला जातो आणि वाचणारे टोकही खराब होते. म्हणून आधी प्रत्येक चकती हलक्या हाताने साफ केली. फ्लॉपीच्या कोपऱ्यातील खटका सरकवून तिच्यावर नवे काही लिहिले जाणार नाही याची खात्री केली. मग आतल्या मजकुराकडे न पाहता चकतीची संपूर्ण नक्कल उतरवून घेतली. अशा फ्लॉपीवर २८८० कप्पे असतात. काही कप्पे पहिल्या झटक्यात वाचले जातात; काहींसाठी यंत्राला वीस-तीस वेळा प्रयत्न करावा लागतो. एप्रिलमधील हे काम मी पहाटे करीत असे, कारण दुपारच्या उन्हात जुने यंत्र लवकर तापते. अकरांपैकी नऊ चकत्या पूर्ण मिळाल्या. एकीतील काही पाने गेली. एकीतून काहीच हाती लागले नाही.

त्यानंतरची साखळी अशी होती. मजकूर ज्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये होता ते नव्या संगणकावर चालत नाही. ते जुन्या विंडोजवर चालते. आणि जुने विंडोज जुन्या यंत्रावर विनातक्रार चालते. एका बंद दुकानातून आणलेला संगणक इथे कामी आला. त्याच्या मुख्य पट्टीवरील बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या होत्या. त्या रेषांच्या जागी बारीक तारा जोडून डाग दिले, तेव्हा ते यंत्र सुरू झाले. सुदैवाने त्याच्या डिस्कवर तोच फॉन्ट शिल्लक होता. पडद्यावर पहिली ओवी मराठीत उमटली, तेव्हा गुरुजींच्या मुलीने ती हलक्या आवाजात वाचली नाही, म्हटली.

मजकूर दिसला, पण तो युनिकोडमध्ये आणणे बाकी होते, कारण त्याशिवाय तो पुन्हा त्याच एका यंत्रात अडकून राहिला असता. यासाठी मी एक छोटा कार्यक्रम लिहिला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराचे उलट : तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण उच्चार आधी होतो. ‘ख’ तर त्या फॉन्टमध्ये अर्धे अक्षर आणि उभा दंड अशा दोन तुकड्यांत होता. प्रत्येक चिन्ह उचलून त्याच्या योग्य जागी नेऊन ठेवावे लागते. वर्णविचार शिकताना तुम्हाला जे नियम कोरडे वाटतात, ते इथे अक्षरशः हात राबवून पाळावे लागतात.

एक उदाहरण सांगतो. हिंदीसाठी बनवलेला एक तयार रूपांतर-तक्ता उपलब्ध होता. हिंदीत नसलेला, आडव्या कोयरीसारखा लिहिला जाणारा आपला ‘ऱ’ त्यात नव्हता. त्या तक्त्याने ‘दऱ्या’ या शब्दाचा ‘दर्या’ केला. डोंगरातल्या बाईच्या ओवीत, जिने आयुष्यात कधी समुद्र पाहिला नसेल, अचानक समुद्र आला! असे शब्द हुडकून काढायला महिनाभर लागला. ते काम गुरुजींच्या मुलीनेच केले, कारण इथल्या बोलीतले शब्द तिला आईच्या तोंडून ठाऊक होते. तेलुगू आणि गोंडीच्या शेजारात वाढलेल्या त्या शब्दांना प्रमाण मराठीचे वळण लावायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते.

हे संकट केवळ आपल्यासारख्या दूरच्या तालुक्यांचे नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाच्या आज्ञेने देशाच्या मालमत्तेची नोंदवही तयार झाली, ती ‘डूम्सडे बुक’. तिच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ साली बीबीसीने लोकांकडून माहिती मिळवून तिची नवी संगणकीय आवृत्ती लेझर चकत्यांवर काढली. सोळा वर्षांतच ती वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती वाचवण्यासाठी संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीची मूळ वही मात्र जाणकाराला आजही वाचता येते.

म्हणून माझ्या खोलीतील यंत्रे मी काचेच्या कपाटात ठेवीत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक यंत्र चालू होते, त्यावर काहीतरी लिहिले व वाचले जाते. जवळच्या शाळेतील दोन मुले येतात. त्यांना मी कार्यक्रम लिहायला आणि डाग द्यायला शिकवतो. कारण यंत्र टिकले आणि ते चालवणारा उरला नाही, तर त्या उर्दू कागदाचीच गत व्हायची.

तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात. विंडोज २००० पासून, र. कृ. जोशी यांनी रेखलेल्या ‘मंगल’ फॉन्टसह, युनिकोडमधील मराठी सामान्य संगणकावर येऊ लागली आणि तुमचे लेखन पुष्कळ सुरक्षित झाले. पण तुमच्या गावात त्या आधीचा मजकूर पडून आहे. ग्रंथालयाच्या कपाटात, बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर, एखाद्या कवीच्या घरातील डब्यात तो असेल. तो शोधा. फ्लॉपी सापडली, तर कुतूहलापोटी ती लगेच यंत्रात घालू नका. आधी तिच्यावरची चिठ्ठी उतरवून घ्या आणि कोणत्या दुकानात, कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केले होते, हे माहीत असलेल्या माणसाला विचारून लिहून ठेवा. तो माणूस आज भेटेल, पुढे कदाचित भेटणार नाही. मजकूर बाहेर काढता आला, तर युनिकोडमध्ये आणा, दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवा आणि एक प्रत कागदावरही छापा.

गुरुजींच्या ओव्यांची छापील प्रत आता त्यांच्या मुलीकडे आहे. जी चकती वाचता आली नाही, तिच्या जागी तिने काही कोरी पाने शिवून घेतली आहेत. त्या गावांत अजून कोणाला त्या ओव्या आठवतात का, याची ती सध्या चौकशी करते आहे.