भिगवणचे हिरवे पाणी

पुणे-सोलापूर लोहमार्गावर दौंड मागे पडले की पुढे भिगवण लागते. तेथून जवळच कुंभारगावचा काठ आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. रविवारची सुटी साधून आम्ही चार कुटुंबे मुलाबाळांसह गेलो. पक्षी पाहून मुले हरखली. आम्हां मोठ्यांची नजर मात्र पाण्यावर खिळली. पाणी गर्द हिरवे होते.

हे पाणी उजनी धरणाचे. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. सोलापूर शहर हेच पाणी पिते आणि काठची कितीतरी घरे मासेमारीवर जगतात. पण येथे पाणी येते कुठून? इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. पवना दापोडीला मुळेत येते, मुळा-मुठा पुण्यात एक होतात आणि पुढे भीमेत जातात. म्हणजे पिंपरी-चिंचवड आणि पुण्याच्या मोरीतले पाणी शेवटी याच काठाला लागते.

होडीवाल्याला आम्ही विचारले, "मासा कसा मिळतो?" तो म्हणाला, "चिलापी हाय दादा, पर पहिल्यासारखा जातवान मासा न्हाई. पाणी लई हिरवं झालं की पहाटं मासं वर तोंड काढत्यात."

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. मैला, साबणाची पावडर आणि शेतातून वाहून आलेले खत यांत नायट्रोजन व फॉस्फरस असतो. पिकाला जे खत, तेच पाण्यातल्या शेवाळाला आणि जलपर्णीला. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तोच ओढून घेते. ते मेले की कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. म्हणून पहाटे मासा गुदमरतो.

आता कायद्याकडे पाहू. केंद्राच्या पर्यावरण खात्याने २०१७ साली मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी मर्यादा जाहीर केल्या. त्यांत बीओडी होता, विष्ठेतले जंतू होते. नायट्रोजन आणि फॉस्फरस नव्हते. १९८६ च्या कायद्याखालील सर्वसाधारण नियमांत नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी फॉस्फरसची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम ठरली. १९८६ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या पुस्तकात, तळ्याला मिळणाऱ्या प्रवाहात तो ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असे सुचवलेले होते. एक आकडा पाइपाच्या तोंडाचा, दुसरा खुद्द प्रवाहाचा, हे खरे. पण उन्हाळ्यात नदीत सांडपाण्याखेरीज दुसरे पाणीच नसेल, तर पाइपातले पाणी तीच नदी होते. म्हणून मर्यादा मासा जगेल की नाही हे पाहून ठरली पाहिजे, आणि ती प्रत्येक नदीसाठी वेगळी मोजली पाहिजे.

वाचकहो, दरवर्षी जलपर्णी काढण्याची कंत्राटे निघतात. जलपर्णी काढली तरी तिचे खत वाहतच राहते. तेव्हा आपल्या वॉर्डाच्या सभेत नगरसेवकाला दोन प्रश्न जरूर विचारा. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फॉस्फरस किती? आणि तो मोजतात का? आपल्या मोरीचे पाणी खाली कुणाच्या तरी हंड्यात आणि जाळ्यात जाते. म्हणून हे विचारणे आपलेच काम आहे.